सव्वीस पायऱ्या

मोरटेकडीच्या पायथ्याशी दोन्ही गाड्या थांबल्या तेव्हा ऊन इतकं लख्ख होतं, की मेघाने आणलेल्या दोन छत्र्या डिकीतच राहू दिल्या. त्या दिवशीची ही तिची पहिली चूक. दुसरी तिने वर, चढणीवर केली, आणि घर भांडलं ते त्या दुसरीवरून. पहिलीबद्दल तिला आजतागायत कोणी बोललेलं नाही.

"नऊ वाजून पस्तीस," देवराव मनगट डोळ्यांजवळ नेत म्हणाले. "साडेआठला चढाई सुरू व्हायची होती. बेसा ते खापा मी दीड तास धरला होता. तुम्ही लोकांनी अडीच लावले."

सासऱ्यांचं हे बोलणं मेघाच्या अंगवळणी पडलं होतं. एसटीत तीस वर्षं कंट्रोलरच्या खिडकीत बसलेला माणूस. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी घरातलं प्रत्येक माणूस त्यांना उशिरा सुटलेली गाडीच वाटायचं. पण आजचा उशीर पायलच्या बुटामुळे झाला होता, आणि तसं कोणी बोलून दाखवलं असतं तर मेघाने ऐकून घेतलं नसतं.

पायल तिची एकुलती एक, पाच वर्षांची. डावं पाऊल जन्मतःच आत वळलेलं. सहा प्लास्टरं झाली, एक ऑपरेशन झालं, पाऊल सरळ झालं आणि वर्षभरात पुन्हा हट्टाने आत वळलं. आता गुडघ्याखाली प्लास्टिकची स्प्लिंट, तिच्यावर तीन पट्टे आणि त्यावर दोन मापं मोठा बूट. हे सगळं नीट बांधायला वीस मिनिटं जातात. एप्रिलमध्ये दुसरं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर किती महिने चालायचं नाही, ते डॉक्टरांनी बोटांवर मोजून सांगितलं नव्हतं, नुसते ओठ दाबले होते.

"वहिनी, मी काय म्हणते," मेघाच्या नवऱ्याची, विक्कीची बहीण अश्लेषा गाडीतून उतरता उतरता म्हणाली, "यंदा राहू द्या ना हिचं. ऑपरेशन होऊ द्या आधी. माझ्या आयुषनं दोन वर्षांआधी चाळीस मिनिटांत..."

"माहीत आहे. दर रविवारी फोनवर सांगता तुम्ही."

सात वर्षांचा आयुष तेवढ्यात पहिल्या दहा पायऱ्या चढून उतरलाही होता.

विक्की बायकोजवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मी पाठुंगळी घेतो तिले. वरच्या शेवटच्या दहा चालेल ती. कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिलो," देवराव म्हणाले. कान मात्र त्यांचे चोवीस वर्षांच्या पोराचे होते.

"कोणी उचलणार नाही तिले," मेघा म्हणाली. "ना तुम्ही, ना मी. तिचा दगड तिच्या खिशात आहे, तिचे पाय तिच्याजवळ आहेत. जाईल ती."

पायलने फ्रॉकच्या खिशावर हात ठेवला. खिसा एका बाजूला ओघळला होता. काल संध्याकाळी कन्हानच्या पात्रातून तिने तो दगड स्वतः निवडला होता. लहान दगड दाखवले तर मान हलवायची. शेवटी संत्र्याएवढा, तांबूस, पोटाशी पांढरी रेघ असलेला हाच हवा म्हणून पाण्यात बसून राहिली. खाण तशी माती, असं सिंधूताई तेव्हा सुनेकडे बघून म्हणाल्या होत्या, आणि ते कौतुक होतं की टोमणा, हे मेघाला अजून कळलं नव्हतं.

हा दगडाचा नियम देवरावांच्या वडिलांचा, बकारामचा. मोरटेकडीच्या दोनशे ऐंशी पायऱ्या बांधायला बकारामने हातभार लावला असं म्हणणं म्हणजे नांगरणीला बैलाने हातभार लावला असं म्हणणं. मालगुजाराने त्याला बेगारीत धरलं. त्याने आणि वस्तीतल्या माणसांनी डोक्यावरून दगड वर वाहिले, आणि पायऱ्या पुऱ्या झाल्या त्या दिवशी त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही मागच्या नाल्यानेच ये-जा करायची. या पायऱ्यांना तुमचे पाय लागायला नकोत. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन बकाराम गावी परतला. पुढच्या फेब्रुवारीत, शेवटच्या रविवारी, बायको, तेरा वर्षांची जिजा आणि पाच वर्षांचा देवा यांना घेऊन तो समोरच्या पायऱ्यांनी, भर सकाळी, गावादेखत चढला. निघताना नदीतला एक गुळगुळीत दगड त्याने देवाच्या हातात दिला होता. "बेगारीचे लय वाहिले. हा एक आपल्या मर्जीचा." वर पाण्याचं कोरीव टाकं आहे आणि टाक्याच्या काठच्या खडकाला एक लांब भेग आहे. तो दगड त्या भेगेत बसला.

तेव्हापासून घरातलं प्रत्येक पोर पाचव्या वर्षी शेवटच्या रविवारी स्वतःचा दगड घेऊन स्वतःच्या पायांनी चढतं. हात धरला तर चालतो. उचललं की संपलं. दगड खाली आणायचा, दुसरी संधी नाही. भेगेत आता अकरा दगड होते. विक्कीचा असता तर बारा झाले असते. पण पाच वर्षांचा विक्की दीडशेव्या पायरीवर रडत बसला, त्याच्या मामाने त्याला खांद्यावर घेतलं, आणि देवरावांनी पोटच्या पोराचा दगड परत घरी आणला. तेहतीस वर्षं झाली, तो दगड स्वयंपाकघराचं दार अडवायच्या कामी आहे. पाहुण्यांपैकी कोणीतरी हटकून विचारतं, हा कशाचा दगड, आणि विक्की हसून पाणी आणायला उठतो.

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच मेघाने ते हसू पाहिलं होतं. आपल्या पोरीच्या तोंडावर ते कधी येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं या टेकडीशी भांडण होतं.

पायथ्याच्या चहाच्या टपरीपाशी, प्लास्टिकच्या खुर्चीत, जिजाबाई बसल्या होत्या. देवरावांची थोरली बहीण. वय ब्याऐंशी. सासर खाप्याचंच. दरवर्षी या रविवारी त्या ऑटोने पायथ्याशी येत, भाजलेले चणे खात बसत, आणि पोरं उतरली की त्यांच्या हातावर उरलेले चणे ठेवत. वर त्या कधी येत नसत.

"आत्याबाई, एकदा तरी चला ना वर," मेघा पाया पडताना म्हणाली.

"गेली होती ना एकदा. पुरे झालं." त्यांनी पायलला जवळ ओढून तिच्या बुटाचे पट्टे चाचपले. "कोणता पाय दुखते वं?"

"कोणताच नाही. हा फक्त हळू आहे."

"मग हळू जाय. टेकडी कुठं पळून राहिली?"

पहिल्या शंभर पायऱ्या ठीक गेल्या. पायलची चढायची एक रीत होती. डावा पाय बाजूने फिरवून वरच्या पायरीवर टाकायचा, मांडीवर हात दाबायचा आणि उजवा ओढून घ्यायचा. प्रत्येक पायरीला ती "हं" करायची. देवराव पुढे, आयुष त्यांच्याही पुढे, अश्लेषा आयुषच्या नावाने ओरडत मध्ये, मग मेघा आणि पायल, आणि मागे सिंधूताईंना धरून विक्की. दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. एरवी पायलने दहादा थांबून फुलं वेचली असती, आज तिने तिकडे पाहिलंही नाही.

दीडशेव्या पायरीजवळ विक्की थांबला. मेघाने मागे वळून पाहिलं तर तो पायरीकडेच बघत होता. इतक्या वर्षांत त्याला ती पायरी नेमकी ठाऊक होती.

मग वारा पडला. ऊन होतं तसंच होतं, पण अंगाला चिकटू लागलं. सिंधूताई म्हणाल्या, "हे ऊन काही खरं नाही." त्यांचं वाक्य संपेपर्यंत कन्हानच्या अंगाने काळपट जांभळं आभाळ चढून आलं होतं. देवरावांनी वरून घोषणा केली, "छत्रीदगडापाशी थांबायचं! सगळ्यांनी छत्रीदगड गाठा!" छत्रीदगड म्हणजे दोनशेव्या पायरीच्या थोडा वर बाहेर आलेला खडक. खाली दहा माणसं उभी राहतील एवढी जागा.

उंबराच्या वळणावर पहिली गार पडली. बोराएवढी. पायल हसली. दुसरी तिच्या कानाला लागली आणि ती हसायची थांबली. मग एकदम पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज आला, पायऱ्या पांढऱ्या झाल्या, आणि मेघाने दोन्ही हातांनी पोरीचं डोकं झाकलं. पुढची माणसं दिसेनाशी झाली होती. मागे विक्की आईच्या डोक्यावर पदर आणि पदरावर स्वतःची बॅग धरून उंबराला टेकला होता.

"आई, माझा बूट घसरून राहिला," पायल म्हणाली.

मेघाने विचार केला नाही. विचार केला असता तरी तिने तेच केलं असतं, असं ती पुढे कधी म्हणाली नाही आणि कोणी म्हटलेलं खपवून घेतलं नाही. तिने पोरीला उचललं, छातीशी दाबलं आणि पळत सुटली. पायल तिच्या कानाशी काहीतरी ओरडत होती. गारांत ते ऐकू आलं नाही. आलं असेलही. छत्रीदगडाच्या अलीकडे, खडकाआडून कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, मेघाने तिला खाली उतरवलं, फ्रॉक नीट केला आणि हात धरून शेवटच्या दोन पायऱ्या चालत आत आणलं.

"शाबास!" देवराव इतक्या मोठ्याने म्हणाले की आयुष दचकला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "शाबास रे माझी वाघीण! एवढ्या गारांत! मी म्हटलं, संपलं आता, उचलतात हिले. अश्लेषा, पाहिलं का गा?" घाईत बायकोला, लेकीलाही ते गा म्हणत.

मेघाने तोंडात मिठाची गुळणी धरली. तिला सासऱ्यांकडे बघवेना. पायलने मात्र आधी खिसा चाचपला, दगड आहे याची खात्री केली, आणि म्हणाली, "आबाजी, सगळ्या नाही. सव्वीस आईनं उचलून आणल्या. मी मोजल्या."

देवरावांनी डोळे पुसायला काढलेला रुमाल तसाच खिशात घातला.

"लेकरू आहे, बाबा, काहीही बोलते," अश्लेषा पटकन म्हणाली. मेघाने चमकून तिच्याकडे पाहिलं. आठ वर्षांत नणंदेने पहिल्यांदा तिची बाजू घेतली होती, आणि तीही खोटं बोलून. "गारांत पाय सटकला असेल, वहिनीनं धरलं असेल. धरलं तं चालते ना?"

"धरलं नाही. उचललं," मेघा म्हणाली. "खरं सांगून राहिली ती."

तेवढ्यात विक्की आणि सिंधूताई भिजून आत आले. काय झालं ते त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. देवरावांचा चेहरा बंद खिडकीसारखा झाला होता.

"मग झालं," ते म्हणाले. "दगड दे, बेटा. आबाजी ठेवतात सांभाळून."

पायलने दगड दोन्ही हातांत धरून पोटाशी लावला. ती रडली नाही. तिच्या तोंडावर एक हसू यायला लागलं. ओशाळं, सगळ्यांना बरं वाटावं म्हणून आणलेलं. मेघाने ते ओळखलं आणि तिच्या डोक्यात रक्त चढलं.

"नाही देणार ती," मेघा म्हणाली. "गारा थांबल्या की आम्ही दोघी खाली उतरू. उंबरापासून त्या सव्वीस पायऱ्या ती पुन्हा चढेल. आपल्या पायानं. चूक माझी आहे, ती फेडून घेऊ आम्ही."

"असं नसते, मेघा. उचललं म्हणजे उचललं. माझ्या पोराले मी सोडलं नाही."

"म्हणून तं म्हणते. त्याले सोडलं नाही, काय मिळालं? दाराले एक दगड मिळाला."

"मेघा," विक्की म्हणाला.

"तुम्ही आज बोलू नका, नाही तं माझ्या बाजूनं बोला."

विक्कीने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग त्याच्याच्याने ते झालं, जे तेहतीस वर्षांत झालं नव्हतं. "बाबा, चढू द्या तिले," तो म्हणाला. आवाज चिरकला, पण म्हणाला.

"माझ्या बापाचा नियम आहे!" देवरावांनी काठी खडकावर आपटली. "पाच वर्षांचा होतो मी. पायात चप्पल नव्हती. काटे मोडले, रक्त आलं, पण कोणाच्या अंगावर नाही चढलो! तिथून हा नियम आहे!"

सिंधूताई पदर पिळत होत्या. या घरात त्यांचं बोलणं म्हणजे बहुतेक वेळा 'जेवून घ्या'. त्यांनी पदर पिळून पुरा केला, झटकला आणि खांद्यावर घेतला.

"चढले होते तुम्ही," त्या म्हणाल्या. "जिजाबाईच्या पाठीवर."

देवरावांनी पुन्हा आपटायला उचललेली काठी खाली टेकवली.

"याच उंबरापासून. तुम्ही रडून राहिले होते, मामंजी झेंडा घेऊन पुढं निघून गेले होते. जिजाबाईनं तुमचं तोंड दाबलं आन् पाठीवर घेतलं. टाक्याच्या खाली उतरवून देलं. मामंजींनी मागं पाहिलं तं तुम्ही पायानं चालून राहिले. त्यांनी तुम्हाले उचलून साऱ्या लोकायले दाखवलं, पाहा माझा लेक." सिंधूताईंचा आवाज जराही चढला नव्हता. "विक्कीचा दगड तुम्ही परत आणला, त्या दिवशी मी खाली बसून रडून राहिली होती. तेव्हा सांगितलं जिजाबाईनं मले."

देवराव खाली बसले. बसले म्हणण्यापेक्षा, काठीच्या आधाराने त्यांचं अंग खाली आलं. "तेव्हापासून माहीत आहे तुले? मग बोलली काहून नाही वं?"

"बोलली असती तं तुमचा दगड निघाला असता. नवऱ्याचा ठेवू का लेकाचा, असं झालं मले. मी तुमचा ठेवला." त्यांनी विक्कीकडे पाहिलं, आणि मग त्यांना बघवेना. "चुकली मी. तुझी गुन्हेगार आहे मी, बाबू. पण आता नातीची पाळी आली. आता नाही गप्प बसत."

विक्की खडकाकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मेघाला त्याच्याकडे जावंसं वाटलं, पण पायलचा हात तिच्या हातात होता आणि तो सोडायचा नव्हता. अश्लेषा उठली आणि भावाच्या पाठीला पाठ लावून नुसती उभी राहिली. तिचा दगड वर होता, आठवा. त्याचं तिला आयुष्यभर भूषण होतं.

"बाबानं उचललं मले त्या दिवशी," देवराव म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "एवढे लोक होते. एवढा खूश होता तो. कसं सांगणार होतो? उद्या सांगू म्हटलं. मग तो गेला. मग तं सांगाची गोष्टच राहिली नाही. गोष्टच नियम झाली." त्यांनी पायलकडे पाहिलं. "अन् हिनं आल्या आल्या सांगून टाकलं."

"मी मोजल्या होत्या," पायल म्हणाली.

गारा थांबल्या होत्या. जशा आल्या तशा, न सांगता. बाहेर पुन्हा ऊन पडलं, आणि उन्हातच पाऊस भुरभुरत राहिला.

"जा, पोरी," देवराव म्हणाले. "वर जा, ठेव तुझा दगड. कोणी काही म्हणणार नाही. माझी परवानगी आहे."

इतका वेळ मेघाला तेच तर हवं होतं. पण आता ते शब्द कानावर पडले आणि तिला ते नकोसे झाले. उद्या कोणी विचारलं, हा पायलचा दगड ना, तर कोणीतरी म्हणणार, हो, तिच्या पायामुळे आम्ही चालवून घेतलं. जन्मभर लोक तिला चालवूनच घेणार होते. शाळेत, बसमध्ये, लग्नाच्या बाजारात. एक जागा तरी अशी हवी होती जिथे तिला कोणी चालवून घेतलेलं नाही.

"नको, बाबा," ती म्हणाली. "माफीचा दगड नको आम्हाले. सव्वीस पायऱ्या आहेत, दीडशे कोस नाहीत. चल गं पायल."

त्या उतरू लागल्या. उतरणं चढण्याहून कठीण होतं. पायऱ्यांवर गारांचा थर होता आणि स्प्लिंटचा बूट त्यावर टिकेना. तिसऱ्या पायरीवर पायल बसली, आणि बसूनच, घसरत घसरत, एकेक पायरी उतरू लागली. उतरायचा काही नियम नव्हता. मागून खसखस आवाज आला म्हणून मेघाने वळून पाहिलं. अश्लेषाने पळसाची एक फांदी मोडली होती आणि ती पायऱ्या झाडत येत होती. आयुष बुटाने गारा कडेला लोटत होता.

"माझ्याकडे काय पाहता, वहिनी? खाली पाहा," अश्लेषा म्हणाली. "मी फक्त झाडून राहिली. झाडायले मनाई आहे का?"

तिच्या मागून काठीचा आवाज येत होता. देवराव येत होते. विक्की त्यांना धरायला गेला, तर त्यांनी कोपराने त्याला बाजूला केलं. उंबरापाशी पोचेपर्यंत ते दोनदा थांबले. तिथे पायलने त्यांना नीट न्याहाळलं.

"आबाजी, तुम्ही काहून आले?"

"माझ्याही राहिल्या आहेत, बेटा. इथूनच."

पायलने थोडा विचार केला. "मग काठी चालेल. काठी म्हणजे हातच आहे. पण बाबा नाही उचलणार तुम्हाले."

"नाही उचलणार."

"हं," पायल म्हणाली आणि डावा पाय फिरवून पहिल्या पायरीवर टाकला.

अकराव्या पायरीवर ती पडली. गुडघा फुटला. मेघाचे हात आपोआप पुढे गेले आणि तिने ते मागे, स्वतःच्या पाठीशी, एकमेकांत घट्ट धरून ठेवले. इतकं कठीण काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. पायल उठली, तिने आधी दगड पाहिला, मग गुडघा. सतराव्या पायरीवर देवराव थांबले तर तीही थांबली. त्यांचा श्वास परत आला तेव्हाच पुढे निघाली. कोणी शाबास म्हटलं नाही. पंचवीस, सव्वीस पायल स्वतःच मोठ्याने म्हणाली, आणि छत्रीदगडापाशी न थांबता, जणू त्या खडकाशी तिचं काही काम उरलं नव्हतं, तशीच वर निघाली.

टाक्यातलं पाणी गारांनी गच्च भरलं होतं. काठच्या भेगेत अकरा दगड ओळीने बसलेले. पायलने बारावा ठेवला. तो जरा मोठाच होता, बसेना. तिने बुटाने दोन लाथा घातल्या, डाव्या पायाने, आणि तो बसला. मेघा तेव्हा रडली. लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

मग देवराव गुडघ्यांवर आले. ओळीच्या सुरुवातीला, एकोणसत्तर वर्षं बसलेला काळा गुळगुळीत दगड त्यांनी काठीच्या टोकाने सैल केला आणि उपसला. ओळीच्या शेवटापर्यंत ते तसेच गुडघ्यांवर सरकत गेले, आणि पायलच्या दगडानंतर त्यांनी तो ठेवला.

"तिथं भोक पडलं ना आता," आयुष पहिल्या जागेकडे बोट दाखवत म्हणाला.

"भोक नाही," देवराव म्हणाले. "जागा आहे."

खाली उतरायला त्यांना तास लागला. टपरीवाल्याच्या पत्र्यावरून अजून पाणी गळत होतं आणि जिजाबाई खुर्ची आत ओढून बसल्या होत्या. मांडीवर चण्यांचा पुडा. देवराव त्यांच्यासमोर उभे राहिले. बहिणीसमोर असं उभं राहिलेलं त्यांना मेघाने कधी पाहिलं नव्हतं, शाळेतून चिठ्ठी घेऊन आलेल्या पोरासारखं.

"बाई, पहिल्या जागेवरून माझा दगड काढून आलो मी. थे जागा तुझी आहे. तू चढली होती. माझ्यासकट."

जिजाबाई चणे चावत राहिल्या. तोंड चालत होतं, पण डोळे भावावरून हलत नव्हते. तेरा वर्षांच्या त्या पोरीच्या पाठीवर पाच वर्षांचा भाऊ होता आणि भावाच्या मुठीत दगड होता, म्हणजे दगडही तिनेच वाहिला होता. टाक्यापाशी बापाने भावाला उंच धरलं, तेव्हा ती कुठे उभी होती, हे त्या घरात आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"इतके वर्ष लागले का गा तुले?" त्या शेवटी म्हणाल्या.

विक्की पुढे झाला. "आत्याबाई, तुम्ही दगड निवडा. मी वर नेऊन ठेवतो, आजच ठेवतो."

"नेऊन ठेवतो?" जिजाबाईंनी पुडा मिटून पायलच्या हातात दिला आणि खुर्चीचे हात धरून उठल्या. "तू तुझा ने. दाराचा काढून आण, बायको म्हणते ते खरं आहे, पुरे झालं त्याचं दार धरणं. माझा मी नेईन. उद्या सकाळी मले नदीवर घेऊन चला, दगड मी पाहीन. दिवसभर लागला तं लागला, दोन दिवस लागले तं लागले."

"बाई, दोनशे ऐंशी पायऱ्या आहेत," देवराव म्हणाले. "तुझं वय काय, आभाळ पाहा कसं..."

"मोजून माहीत आहेत मले. तुले नसतील माहीत, तू डोळे मिटून होता." त्यांनी भावाची काठी त्याच्या हातातून घेतली, जमिनीवर टेकवून पाहिली आणि स्वतःजवळच ठेवली. "तूही येजो मागं मागं. पण आधीच सांगून ठेवते, देवा. या वेळी थकला तं मी नाही उचलणार तुले."